सोडत नाही की धरत नाही?

एरवी मी इथे दशावतार, धालो, जुनी देवळं किंवा नुकतंच वाचलेलं एखादं पुस्तक असल्या विषयांवर लिहितो. आज मोटरसायकलच्या क्लचवर लिहिणार आहे. वाचकहो, हसू नका. हा भाषेचाच विषय आहे, आणि थोडाफार माझ्या खिशाचाही.

झालं असं की गेल्या जानेवारीत ग्वाल्हेरला गेलो होतो. माझी एक मावशी लग्न होऊन तिथे गेली आणि तिथलीच झाली. तिचा थोरला मुलगा, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, तो लष्कर भागात राहतो. लष्कर म्हणजे फौज नव्हे, तो ग्वाल्हेरचा एक भाग आहे. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी तिथे छावणी टाकली, तिचंच पुढे शहर झालं आणि नाव लष्करच राहिलं. आपल्याकडून वास्कोची गोवा एक्सप्रेस थेट तिथे जाते, दीड दिवसाचा प्रवास. गोवेकरांना ग्वाल्हेर म्हटलं की कृष्णराव शंकर पंडितांचं गाणं आठवतं, नाहीतर तिथे राजकवी असलेले भा. रा. तांबे. त्याहून जुनं नातं जिवबादादा केरकरांचं. महादजी शिंद्यांचा हा बक्षी आपल्या गोव्याचा, आणि १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेचं नेतृत्व त्यानेच केलं. असो. हे सगळं लिहायला वेगळा लेख हवा.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी मावशीने तूरडाळ आणि थोडे मूग आणायला सांगितलं. दादा म्हणाला, "गाडी घेऊन जा ना, दालबाजार जवळच आहे." त्याची गाडी म्हणजे शंभर सीसीची जुनी मोटरसायकल, माझ्या घरच्या गाडीची जणू सख्खी बहीण. मी गेलो.

दालबाजार हा घाऊक धान्याचा बाजार. सकाळी तिथे रस्ता असा नसतोच. दुकानांपुढे पोती रचलेली, मधून हातठेले, आणि पाठीवर पोतं घेऊन वाकून चालणारे हमाल. तिथे त्यांना पल्लेदार म्हणतात. त्यांना वर मान करून बघता येत नाही, त्यांना फक्त तुमचं पुढचं चाक दिसतं. अशाच एका पल्लेदाराला वाट द्यायला मी थांबलो. क्लच पूर्ण दाबलेला, लिव्हर मुठीला टेकलेली, गाडी पहिल्या गियरमध्ये. आणि गाडी थांबेना! म्हणजे धावत सुटली असं नाही, पण बैल जसा दावं ताणून पुढे सरकतो तशी इंच इंच सरकत राहिली. मी घाबरून रेसची मूठच पिळली असावी. चाक पल्लेदाराच्या पायापासून वितीवर वळलं आणि एका ठेल्यावर आपटलं. वरचं पोतं खाली आलं, शिवण उसवली आणि रस्त्यावर हरभरे सांडले. तो माणूस पोतं तसंच पाठीवर ठेवून बाजूला झाला, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि काही न बोलता पुढे गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

हरभरे गोळा करायला मदत केली, ठेलेवाल्याला पैसे दिले आणि गाडी ढकलत बाजूच्या गल्लीत नेली. तिथे एक मिस्त्री पत्र्याच्या पेटीवर बसून चहा पीत होता. मी नेहमीच्या सवयीने हिंदीत सांगितलं, "क्लच गया है." त्याने पेला खाली ठेवला नाही की गाडीकडे बघितलं नाही. फक्त विचारलं, "छोड़ नहीं रहा, कि पकड़ नहीं रहा?"

मी बी.ए. मराठी. वीस-बावीस वर्षं सरकारी कचेरीत टिपणं लिहितोय. पण माझ्याकडे या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. खरं तर असे दोन प्रश्न असतात हेच मला ठाऊक नव्हतं.

आता जे मला त्या दिवशी कळलं आणि घरी येऊन चार जणांना विचारून पक्कं केलं, ते सांगतो. मोटरसायकलच्या क्लचमध्ये एक डबा असतो. त्यात दोन जातींच्या चकत्या एकाआड एक रचलेल्या असतात, एक खरखरीत अस्तराची, एक साध्या पोलादाची. खरखरीत चकत्या इंजिनाबरोबर फिरतात, पोलादी चकत्या गिअरबॉक्सबरोबर. वरून स्प्रिंगा ही चवड दाबून धरतात, म्हणून दोन्ही एकत्र फिरतात आणि इंजिनाचा जोर चाकाला मिळतो. आपण लिव्हर दाबली की केबल ओढली जाते, खाली इंजिनावरचा छोटा दांडा वळतो आणि स्प्रिंगांचा दाब उचलला जातो. चकत्या सुट्या होतात. ही उचल किती? फार तर दोनेक मिलिमीटर. ती सगळ्या चकत्यांत वाटली की एकेकीच्या वाट्याला मिलिमीटरचे काही दशांश येतात. बोटांनी आपण लिव्हर चांगली दोन-अडीच इंच ओढतो, आणि तिथे आत जेमतेम कागद सरकेल एवढी फट पडते. म्हणून वर लिव्हरला इंचभर फुकट गेलं की खाली फट पडतच नाही. चकत्या एकमेकींना घासत राहतात आणि गाडी सरकते. याला मिस्त्री म्हणतो, छोड़ नहीं रहा.

दुसरा आजार नेमका उलटा. लिव्हर सोडली तरी चकत्या घट्ट बसत नाहीत. रेस वाढते, इंजिन ओरडतं, पण गाडी चढावर मरते. पेट्रोल जास्त जातं, कधी जळका वास येतो. हे झालं पकड़ नहीं रहा. आता गंमत बघा. पहिल्या आजाराला केबलचा ढिलेपणा काढावा लागतो, दुसऱ्यात केबल फार ताणलेली असेल तर तो द्यावा लागतो. एकाचं औषध हे दुसऱ्याचं विष. आणि आपण दोन्हींना म्हणतो, "क्लच गेला." ताप आणि थंडी दोन्हींना 'अंग बिघडलं' म्हणून डॉक्टरसमोर बसण्यासारखं आहे हे.

मिस्त्रीने चहा संपवला आणि पाना हातात न घेता पहिली दहा मिनिटं काढली. इंजिन बंद असताना पायाने गियर टाकून काढून बघितला, न्यूट्रल लगेच सापडला. मग गाडी चालू केली, क्लच दाबला, न्यूट्रल शोधला, सापडेना. पहिला गियर टाकताच 'खाड' असा आवाज आणि गाडीला हिसका. "गियर ठीक है," तो म्हणाला. म्हणजे बघा, बंद इंजिनावर न्यूट्रल सहज मिळतो आणि चालूवर मिळत नाही, तेव्हा संशय गिअरबॉक्सवर घ्यायचाच नाही, तो क्लचवर घ्यायचा. माझ्यासारख्या माणसाने "गियर अडकतोय" म्हटलं असतं आणि कुणीतरी गिअरबॉक्स उघडला असता. मग त्याने इंजिनाचा नुसत्या उभ्या गाडीचा आवाज ऐकला. तो चढा असेल तर चांगल्या क्लचवरही गियर आवाज करतो. इथे तो ठीक होता.

नंतर दोन बोटांनी लिव्हर हलवली. टोकाशी मोजलं तर दोन इंच नुसताच खेळ, केबलला ताण लागतच नव्हता. अशा गाड्यांना हा खेळ लिव्हरच्या टोकाशी दहा ते वीस मिलिमीटर असावा, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढा. शून्य नव्हे! शून्य केला की दुसरा आजार सुरू, लिव्हर सोडली तरी चकत्या थोड्या उचललेल्याच राहतात, घसरतात आणि जळतात. गाडी सरकतेय म्हणून केबल कचकचून आवळणारे लोक महिनाभरात चकत्या बदलायला येतात, असं तो म्हणाला, आणि हसला.

वरचा ॲडजस्टर शेवटच्या आट्यावर आला होता. म्हणजे कुणीतरी वेळोवेळी तो फिरवत आलेला. दादाच, दुसरं कोण. "कितने दिन में कसते हो?" मी फोन करून विचारलं तर दादा म्हणाला, "आधी दोन महिन्यांनी, हल्ली आठवड्याला." मिस्त्रीने लिव्हरजवळचं रबर वर सरकवलं. केबलच्या तारा तिथे कुंच्यासारख्या फुलल्या होत्या, मोजून तीन-चार धड उरलेल्या. त्या एकेक तुटत होत्या, उरलेल्या ताणत होत्या, म्हणून ढिलेपणा वाढत होता. ॲडजस्टर जितक्या लवकर लवकर फिरवावा लागतो तितकी केबल मरायला टेकलेली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. आणखी चार दिवसांनी ती एखाद्या चौकात तुटलीच असती.

नवी केबल घातली. घालताना त्याने वरचा ॲडजस्टर आधी पूर्ण आत फिरवला, खालच्या टोकाच्या नटांवर मोठा ताण बसवला, आणि शेवटचा नखभर हिशोब वर केला. असं केलं की वर पुढच्या वर्षभराची फिरवण्याची जागा शिल्लक राहते. आपल्याकडे घाईत उलट करतात, वरच संपवून टाकतात. ॲडजस्टर आणि त्याची चकती या दोन्हींना केबल घालण्यापुरती खाच असते. त्या खाचा एका रेषेत राहू दिल्या नाहीत, नाहीतर केबल निसटते आणि पाणी शिरतं. (आपल्या पावसात ही दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची.) मग हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवून दोन्हीकडे लिव्हरचा खेळ तोच राहतो का ते बघितलं. बदलला तर केबल कुठेतरी आवळली जातेय. शेवटी गाडी डबल स्टँडवर, इंजिन बंद, पहिला गियर, लिव्हर दाबलेली, आणि हाताने मागचं चाक फिरवलं. फिरलं. थोडा जडपणा राहतो, तो तेलाचा. लिव्हर सोडली, चाक अडलं. झालं.

केबलसकट तीनशेच्या आत पैसे झाले. मी पन्नास रुपये वर देऊ लागलो तर म्हणाला, "बाबूजी, काम केबल का था, देखने का क्या पैसा."

हेच वाक्य मला गोव्यात आल्यावर टोचत राहिलं. कारण सांगतो.

माझी स्वतःची गाडी. मी चोडणचा, रोज फेरीने रायबंदरला उतरून पणजीला जातो. फेरीच्या रॅम्पवर मोटरसायकलींची जी रांग लागते ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. पुढच्याच्या मडगार्डला आपलं चाक, दोन्ही पाय जमिनीवर, क्लच दाबलेला, खाली मांडवी. तिथे गाडी आपणहून सरकणं म्हणजे काय ते विचारू नका. तीन वर्षांपूर्वी माझी गाडी अशीच सरकू लागली. मी एका गॅरेजमध्ये नेली आणि सांगितलं, "क्लच गेलाय." त्यांनी चकत्यांचा अख्खा सेट बदलला, स्प्रिंगा बदलल्या, तेल बदललं. दोन हजारांच्या वर बिल. गाडी सुरेख चालली. मी खूश. पाच महिन्यांनी पुन्हा तेच. तेव्हा मी चकत्या 'डुप्लिकेट' निघाल्या म्हणून चार जणांकडे बोंब मारली.

आता कळतं. चकत्या बदलताना केबल सोडावी लागते आणि परत लावताना ताण नव्याने द्यावा लागतो. गाडीला बरं वाटलं ते त्या ताणामुळे. चकत्या बिचाऱ्या चांगल्या असाव्यात. ग्वाल्हेरहून परतल्यावर लिव्हरजवळचं रबर सरकवून बघितलं, तिथेही कुंचा. केबल मी स्वतः बदलली, एका रविवारी, दोन तास लागले आणि एक नट गवतात हरवला.

गॅरेजवाल्याने फसवलं का? मला तसं वाटत नाही. 'क्लच गेला' म्हटल्यावर तो जे करतो ते त्याने केलं. सरकणारी गाडी त्याच्या हातात दिली, चालवून दाखवली असती, कुठे काय होतं ते सांगितलं असतं तर कदाचित त्याचाही हात आधी केबलकडे गेला असता. आणि दुसरी गोष्ट अशी की त्याला बघण्याचे पैसे कुणी देत नाही. बिलात सुट्या भागांची ओळ असते, मजुरीची असते. दोष शोधण्याची ओळ नसते. पंधरा मिनिटं गाडी ऐकून "काही नाही, दोन आटे फिरवले" म्हणणाऱ्याला आपण वीस रुपये टेकवतो, आणि डबा उघडून बसणाऱ्याला दोन हजार. मग कोण कशाला ऐकत बसेल? ग्वाल्हेरच्या त्या मिस्त्रीचा मोठेपणा मला मान्य आहे, पण त्याचं वाक्य मला पटत नाही. देखने का पैसा घ्यायलाच हवा होता. ज्या गोष्टीला किंमत नाही ती गोष्ट एका पिढीत नाहीशी होते.

मान्य, दर वेळी केबलच असते असं नाही. केबल धड, खेळ बरोबर, तरी गाडी सरकते असंही होतं. तेलाची पातळी खुणेच्या वर गेलेली असते, किंवा तेल जुनं होऊन घट्ट झालेलं. या गाड्यांत क्लच इंजिनाच्याच तेलात बुडालेला असतो, त्यामुळे तेलाचा दोष तो क्लचचा दोष. (कारचं तेल मोटरसायकलला घालणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्यातल्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्याने उलटा आजार होतो. डब्यावर 'जासो एम ए' लिहिलेलं बघावं.) अर्धा क्लच दाबून चालवण्याची सवय असेल तर पोलादी चकत्या तापून वाकतात. खरखरीत चकत्यांचे कान डब्याच्या खोबणींना वर्षानुवर्षं ठोकत राहतात आणि तिथे खाचा पडतात, मग चकत्या त्यात अडकतात. तेव्हा डबा उघडावाच लागतो. माझं म्हणणं एवढंच की तो शेवटी उघडावा. जुने बुलेटवाले सकाळी किक मारण्याआधी क्लच दाबून दोन-चार रिकाम्या किका मारायचे ते उगाच नव्हे. रात्रभर तेलाने चिकटलेल्या चकत्या सुट्या करायचे. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, गाडीनेच शिकवलं होतं.

आता भाषेकडे येतो. आपल्यातले काही जण म्हणतील, क्लचला मराठी शब्द हवा. मला नको. क्लच आता मराठीच आहे, तसाच ब्रेक, तसाच गियर. शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला तेव्हा फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. त्यातले टिकले किती आणि कचेरीत आजही आम्ही 'तारीख', 'अर्ज', 'दाखल' लिहितो ते किती, बघा. नाम बाहेरून येऊ दे. आपण हरवतोय ती क्रियापदं. धरणं, सोडणं, घसरणं, चिकटणं, अडणं, सरकणं. ही घरचीच आहेत, रोजची आहेत, पण यंत्रासमोर उभे राहिलो की आपण ती विसरतो आणि सगळ्याला एकच 'गेला' लावतो. बॅटरी गेली, ब्रेक गेला, क्लच गेला. परवा पणजीत एका मोटरसायकल पायलटला मुद्दाम विचारलं, क्लचचा त्रास असला तर मेकॅनिकला काय सांगतोस? पिवळ्या मडगार्डवर हात ठेवून तो म्हणाला, "सोडिना जाल्यार सोडिना म्हणटां." दिवसभर लोकांना मागे बसवून गल्लीबोळांतून जाणाऱ्याला हा फरक ठाऊक असणारच. आम्हा शिकलेल्यांना नाही.

आणि आम्हा कचेरीतल्यांना तर नाहीच. माझ्या टेबलावर वाहन दुरुस्तीची बिलं येतात. इतकी वर्षं मी 'क्लच वर्क' असं लिहिलेली बिलं पास करत आलोय. उलट, ज्यात सुटा भाग नाही आणि नुसतीच 'तपासणी' असं लिहिलंय अशी दोन बिलं मी शेरा मारून परत पाठवल्याचं आठवतं. भाग नाही तर पैसे कसले, असा माझाच शेरा.

ग्वाल्हेरहून आल्यावर पंधरवड्यात एका जुन्या गाडीचं बिल आलं. क्लचचंच. मी ड्रायव्हरला बोलावलं आणि विचारलं, "सोडत नव्हता की धरत नव्हता?"

तो जरा गोंधळला. मग म्हणाला, "सोडत नव्हता, सर. सिग्नलला पुढे जायची."

"केबल बघितली होती?"

"त्यांनी बघितली असेल."

बिलात पहिली ओळ क्लच प्लेटची होती, साडेचार हजारांची. शेवटची ओळ क्लच केबलची, चारशेची. या दोन ओळींतल्या कुठल्या ओळीने गाडी बरी झाली हे त्याला सांगता आलं नाही. मला कळायचा तर प्रश्नच नव्हता. कागद सगळे नियमाप्रमाणे होते. बिल पास केलं.